हिंगण्याचा दिनक्रम

मौजे कोथरूड आणि त्याच्या शेजारचे हिंगणे बुद्रुक ही गावे ज्या काळी हवेली तालुक्याच्या दप्तरात शेतसाऱ्यापुरतीच दखलपात्र होती, त्या काळी, म्हणजे १९०० साली, पुण्यातील प्लेगमुळे धोंडो केशव कर्वे यांनी आपला अनाथ बालिकाश्रम हिंगण्याच्या माळावर हलविला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जमिनीवरील झोपडीत ज्या विधवा राहू लागल्या, त्यांचे दुःख केवळ पतिनिधनाचे नव्हते. केशवपन, एकभुक्त राहणे, माजघरातले अखंड कष्ट आणि मंगलकार्यात अपशकुनी ठरण्याची नामुष्की यांनी चित्ताला जे औदासीन्य जडले होते, त्याची बोळवण घरोघरी ‘नशिबाचे भोग’ एवढ्यावरच होत असे.

या औदासीन्यावर उपचार करावा, असा आश्रमाचा उद्देश नव्हता. विद्या देऊन या स्त्रियांना स्वावलंबी करावे, एवढीच तजवीज होती. तथापि नेमल्या वेळचे अध्ययन, वाटून घेतलेले घरकाम, माळावरची मोकळी हवा आणि समदुःखी मैत्रिणींचा सहवास यांनी बांधलेला दिनक्रम हाच मनाला आधार झाला असावा, असे म्हणण्यास जागा आहे.

त्याहून महत्त्वाचे हे की, धीर देणाऱ्या स्त्रियांनी ते दुःख स्वतः भोगले होते. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजेच बाया, स्वतः बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकून १८९३ साली त्यांनी कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झालेल्या; आश्रमाची व्यवस्था पाहून, वर्गणीसाठी गावोगाव हिंडून, १९१८ साली त्या अमेरिकेलाही गेल्या. अशा बाईने ‘ऊठ, जेव, पुस्तक उघड’ म्हटले, तर तो कोरडा उपदेश वाटण्याचे कारण नव्हते.

या कार्याला मर्यादाही होती. प्रारंभी आश्रमाचा दरवाजा मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठीच उघडा होता, आणि लोकमताच्या धास्तीने पुनर्विवाहाचा प्रचार तेथे कटाक्षाने टाळला जाई. कष्टकरी जातींच्या स्त्रीची खिन्नता त्या माळावर पोहोचलीच नाही.

आज कर्वे रस्त्यालगतच्या सोसायट्यांत धुणीभांडी करून सुतारदरा, किष्किंधानगर वा केळेवाडीच्या चढणीवर परतणाऱ्या बाईला, वेळेवर जेवा, चालायला जा, मन मोकळे करा, असे सांगणे सोपे आहे. परंतु आश्रमवासिनीला जे प्रथम मिळाले, ते म्हणजे घरच्या हुकमतीबाहेरचा स्वतःचा वेळ, तेच या बाईपाशी नसते. म्हणून पगारी रजा, पाळणाघर आणि पाण्याचा नियमित नळ यांचा बंदोबस्त हा आरोग्याच्या सवयींचा पहिला धडा मानला पाहिजे. गंभीर अवसादाला डॉक्टर लागतोच, पण त्याच्यापर्यंत जाण्यासाठीही तिला कामावरून सुटी मिळावी लागते.