उदयन माने: वेटिंग लिस्टवरून थेट टोकियो

टोकियो ऑलिंपिकमधलं गोल्फ म्हटलं की आपल्याला अदिती अशोक आठवते. ती चौथी आली, आणि गोल्फचा 'ग' माहीत नसलेली माणसं सकाळी सकाळी मोबाईलला चिकटून बसली. मीही त्यातलाच. पण आदल्याच आठवड्यात, त्याच मैदानावर, एक मराठी आडनाव खेळून गेलं होतं हे मला खूप उशिरा कळलं. उदयन माने. जन्म १९९१, चेन्नई. पण खेळाडू पुण्याचा.

२०१५ मध्ये तो प्रोफेशनल झाला. भारतातल्या पीजीटीआय टूरवर एकामागून एक टायटलं घेतली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये जमशेदपूरची टूर चॅम्पियनशिप, २०२० च्या फेब्रुवारीत हैदराबादची गोलकोंडा मास्टर्स. आणि मार्चमध्ये काय झालं ते तुम्हाला माहितीये. टूर बंद. ती परत सुरू झाली थेट नोव्हेंबरमध्ये.

आता इथे थोडं गणित, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. ऑलिंपिकला पुरुषांच्या फक्त ६० जागा. पहिल्या १५ रँकिंगमधले असाल तर एका देशाचे चार जण जातात, बाकी प्रत्येक देशाचे जास्तीत जास्त दोन. रँकिंग म्हणजे मागच्या दोन वर्षांचे पॉइंट्स भागिले तुम्ही खेळलेल्या स्पर्धा. पण भागाकार किमान ४० ने होतोच! म्हणजे कमी खेळलात तरी भाजक ४० च. शिवाय जुने पॉइंट्स हळूहळू झिजतात. घरी बसलेल्या खेळाडूसाठी यापेक्षा वाईट अल्गोरिदम मी तरी लिहू शकलो नसतो. त्यात भारतातल्या टूरला पॉइंट्स मुळात थोडे.

जून २०२१ मध्ये यादी लागली. शेवटच्या, म्हणजे ६० व्या जागेवर अनिर्बान लाहिरी (हाही जन्माने पुण्याचाच बरं का). आणि माने? रिझर्व्ह नंबर एक. गणपतीत गावी जाताना आपण डोंबिवलीकर दर तासाला पीएनआर बघतो ना, डब्ल्यूएल १, अगदी तसं. फक्त इथे गाडी चार वर्षांतून एकदाच, आणि यावेळी ती एक वर्ष लेट.

जुलैच्या सुरुवातीला अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने नाव मागे घेतलं. तिकीट कन्फर्म. स्पर्धा २९ जुलैला, म्हणजे तयारीला महिनासुद्धा नाही.

कासुमिगासेकीचं मैदान पार ७१ चं. पहिल्या दिवशी मानेने मारले ७६. साठात साठावा. गोल्फमध्ये ऑलिंपिकला कट नसतो, त्यामुळे शेवटचा असलात तरी उरलेले तीन दिवस खेळायचंच. तो खेळला. दुसऱ्या दिवशी ६९. शेवटी ५६ वा.

लाहिरी आला ४२ व्या नंबरवर. गोल्ड अमेरिकेच्या झँडर शॉफलेने नेलं. आणि तीन दिवसांनी अदितीची स्पर्धा सुरू झाली.