गलगंडाची शस्त्रक्रिया आणि अवटुग्रंथीच्या कार्याचा शोध

अंतःस्रावी ग्रंथींच्या विज्ञानाचा इतिहास सांगताना प्रयोगशाळेतील शोधांना अग्रस्थान देण्याची प्रथा आहे. ग्रंथी ओळखली गेली, तिचा स्राव वेगळा काढला गेला, त्याची रासायनिक रचना निश्चित झाली व शेवटी तो कृत्रिम रीतीने तयार करण्यात आला, अशी ही मांडणी असते. अवटुग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या, बाबतीत मात्र हा क्रम अपुरा ठरतो. ह्या ग्रंथीचे शरीरातील कार्य प्रथम स्पष्ट झाले ते शस्त्रक्रिया यशस्वी ठरून घरी गेलेल्या रुग्णांची पुन्हा चौकशी केल्यामुळे. त्या चौकशीतून जे निष्पन्न झाले ते शल्यचिकित्सकांना सुखावह नव्हते. म्हणूनच ह्या प्रकरणाचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे.

१. पूर्वस्थिती

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अवटुग्रंथीला नेमके काय काम असते ह्याविषयी एकमत नव्हते. ती मेंदूकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहाचे नियमन करते असे काही मानीत. ती केवळ मानेला गोलाई देण्यासाठी आहे, असे म्हणणारेही होते. ग्रंथीच्या अभावाचे परिणाम सुचविणाऱ्या नोंदी उपलब्ध होत्या, पण त्या विखुरलेल्या होत्या. लंडनच्या थॉमस कर्लिंग ह्याने १८५० मध्ये जन्मतःच अवटुग्रंथी नसलेल्या दोन मुलींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांची वाढ खुंटलेली व बुद्धी मंद होती. १८७३ मध्ये विल्यम गल ह्याने प्रौढ स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या अशाच एका अवस्थेची नोंद केली आणि १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड ह्याने तिला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिले. सुजलेला चेहरा, कोरडी त्वचा, संथ बोलणे व मंदावलेली हालचाल ही तिची लक्षणे होत. ह्या सर्व निरीक्षणांना एका सूत्रात गोवणारा पुरावा मात्र अजून पुढे आला नव्हता.

२. बर्न येथील शस्त्रक्रिया

तो पुरावा स्वित्झर्लंडमधून आला. आल्प्सच्या खोऱ्यांत गलगंड हा घरोघरी आढळणारा विकार होता व वाढलेल्या गाठीमुळे श्वासनलिका दाबली जाऊन रुग्ण दगावत असे. रक्तस्राव व जंतुदोष ह्यांमुळे ही शस्त्रक्रिया त्या काळी अतिशय धोक्याची समजली जाई. टेओडोर कोखर १८७२ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, बर्न विद्यापीठात शल्यशास्त्राचा प्राध्यापक झाला. जंतुनाशक पद्धतीचा कटाक्षाने अवलंब, प्रत्येक रक्तवाहिनी बांधून पुढे जाण्याची सावकाश रीत व शरीररचनेचे बारीक ज्ञान ह्यांच्या बळावर त्याने ह्या शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. गाठ पुन्हा वाढू नये म्हणून संपूर्ण ग्रंथी काढून टाकणे त्याला तर्कशुद्ध वाटत होते. रुग्ण वाचत होते, जखमा भरत होत्या. तत्कालीन मापाने हे निर्विवाद यश होते.

१८७४ च्या जानेवारीत कोखरने एका अकरा वर्षांच्या मुलीची ग्रंथी पूर्णपणे काढली. काही महिन्यांनी तिच्या गावच्या डॉक्टरने त्याला कळविले की, मुलीच्या स्वभावात व वागण्यात विलक्षण पालट झाला आहे. ह्या पत्राचे महत्त्व त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही. शस्त्रक्रियेचा आणि ह्या पालटाचा संबंध जोडावा असे कोणतेही शास्त्रीय कारण त्या काळी हाताशी नव्हते.

३. प्रश्नाचे पुनरुत्थान

१८८२ च्या सप्टेंबरमध्ये जिनीव्हा येथे झाक-लुई रेव्हर्दँ ह्या शल्यचिकित्सकाशी कोखरची भेट झाली. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या काही रुग्णांना पुढे अशक्तपणा, सूज व बुद्धिमांद्य आल्याचे रेव्हर्दँच्या पाहण्यात होते. कोखरलाही असा अनुभव आला आहे काय, अशी पृच्छा त्याने केली. बर्नला परतल्यावर कोखरने आपल्या जुन्या रुग्णांना तपासणीसाठी बोलावून घेतले. त्या १८७४ च्या मुलीची धाकटी बहीण पूर्वी तिच्यासारखीच दिसत असे. आता धाकटी पूर्ण वाढलेली तरुणी झाली होती, तर थोरली खुजी, सुजलेल्या चेहऱ्याची व मंदबुद्धी राहिली होती. एकाच घरात, एकाच अन्नपाण्यावर वाढलेल्या ह्या दोघींमध्ये ठळक फरक होता तो एकाच गोष्टीचा: एकीची ग्रंथी शाबूत होती, दुसरीची नव्हती. प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणावी अशी ही तुलना योगायोगाने समोर उभी राहिली होती.

१८८३ च्या एप्रिलमध्ये बर्लिन येथे जर्मन शल्यचिकित्सकांच्या परिषदेत कोखरने आपल्या १०१ गलगंड-शस्त्रक्रियांचा वृत्तांत सादर केला. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या व पुन्हा तपासलेल्या १८ रुग्णांपैकी १६ जणांमध्ये हा विकार आढळला होता. बचावलेल्या दोघांत ग्रंथीचा काही अंश पुन्हा वाढला होता. ह्या अवस्थेला त्याने ‘कॅकेक्सिया स्ट्रुमिप्रिव्हा’, म्हणजे गलगंड काढल्यामुळे येणारी क्षीणता, असे नाव दिले व साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे ह्यापुढे त्याज्य समजावे असे प्रतिपादन केले. स्वतःच्या कीर्तीचा पाया असलेल्या शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम आकड्यांसह सभेपुढे ठेवण्यास लागणारे धैर्य वैद्यकाच्या इतिहासात वारंवार दिसत नाही. शोधाच्या अग्रक्रमाविषयी मात्र त्याचा रेव्हर्दँशी पुढे वाद झाला. आद्य सूचनेचे श्रेय रेव्हर्दँचे व मोठ्या संख्येवर आधारलेल्या सविस्तर पुराव्याचे श्रेय कोखरचे, अशी विभागणी न्याय्य ठरेल.

४. निरीक्षण आणि अन्वयार्थ

येथे एक लक्षणीय गोष्ट अशी की, कोखरचे निरीक्षण अचूक असले तरी त्याने सुरुवातीला लावलेला अर्थ चुकीचा होता. शस्त्रक्रियेमुळे श्वासनलिकेला इजा होऊन प्राणवायूचा पुरवठा दीर्घकाळ अपुरा राहतो व त्यातून ही क्षीणता येते, असे त्याचे मत होते. योग्य अर्थ सुचला तो लंडनमध्ये. १८८३ मध्येच फेलिक्स सेमॉन ह्याने मिक्सिडीमा, क्रेटिनता व कोखरने वर्णिलेली क्षीणता ह्या तिन्ही अवस्थांचे मूळ अवटुग्रंथीच्या अभावात आहे असे सुचविले. प्रथम ह्या कल्पनेची टवाळी झाली. परंतु क्लिनिकल सोसायटीने चौकशी समिती नेमली, व्हिक्टर हॉर्स्लीने माकडांवर प्रयोग केले आणि १८८८ च्या अहवालात सेमॉनचे मत ग्राह्य ठरले. कोखरची नोंद त्याच्या स्वतःच्या उपपत्तीपेक्षा अधिक टिकाऊ ठरली, कारण वेगळा अर्थ लावू इच्छिणाऱ्यालाही तिचा उपयोग करता येत होता.

व्हिएन्नाच्या बिलरोटशी केलेली तुलनाही उद्बोधक आहे. त्याच्या रुग्णांत क्षीणता क्वचित दिसे, पण स्नायूंचे झटके मात्र वारंवार येत. अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड ह्याने पुढे ह्याचे स्पष्टीकरण दिले. बिलरोट झपाट्याने काम करी. त्यामुळे अवटुग्रंथीचे तुकडे मागे राहत, पण तिच्यामागील इवल्या परावटुग्रंथींना इजा होई. कोखरच्या काटेकोर हाताने परावटु सुरक्षित राहत, पण अवटु समूळ निघे. दोन शस्त्रवैद्यांच्या हातांच्या सवयींतून दोन भिन्न ग्रंथींच्या अभावाची लक्षणे वेगवेगळी दिसून आली.

५. उपचार व त्याचा पाठपुरावा

१८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरी ह्या तरुण डॉक्टरने मेंढीच्या अवटुग्रंथीचा अर्क मिक्सिडीमा झालेल्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीला टोचला व तिची प्रकृती सुधारली. पुढील वर्षी ग्रंथी तोंडाने दिली तरी गुण येतो हेही दिसून आले. मरीने ह्या रुग्णेचा संपूर्ण वृत्तांत १९२० मध्ये पुन्हा प्रसिद्ध केला. ती २८ वर्षे उपचार घेत १९१९ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी निधन पावली. तेवढ्या काळात ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क तिला लागला होता. अर्क रोग निर्मूळ करीत नाही, उणीव भरून काढतो व म्हणून तो आजन्म घ्यावा लागतो, हे तत्त्व ह्या एका नोंदीने जितके स्पष्ट केले तितके दहा आठवड्यांच्या यशोगाथेने होणे शक्य नव्हते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८९५ मध्ये बाउमानला ग्रंथीत आयोडीन सापडले. १९१४ मध्ये केंडलने थायरॉक्सिन वेगळे केले. १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर ह्यांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. कोखरला १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथीत आयोडीन असल्याचे कळल्यामुळे आल्प्सप्रमाणेच हिमालयाच्या पायथ्याशी आढळणाऱ्या गलगंडाचाही उलगडा होऊ लागला. भारतात रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. त्याचे बळ वर्षानुवर्षे केलेल्या फेरतपासणीत होते. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

कोखरने वर्ज्य ठरविलेली संपूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया आज पुन्हा प्रचारात आहे. थायरॉक्सिनच्या रोजच्या गोळीने ती सुरक्षित केली आहे. तथापि ती गोळी नियमित मिळते की नाही, तिची मात्रा पुरेशी आहे की नाही, हे रुग्णालयाबाहेर पडल्यावरच ठरते. १८७४ मध्ये एका गावच्या डॉक्टरने पाठविलेल्या पत्राला उत्तर मिळण्यास नऊ वर्षे लागली. तेवढ्या काळात ज्यांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, त्या रुग्णांनी ह्या विलंबाची किंमत मोजली.