नोकरीसाठी अनोळखी फोन आला? पैसे आणि कागदं देण्याआधी एवढं तपासा

‘हॅलो, तुमचं सिलेक्शन झालंय. पगार अठ्ठावीस हजार, राहणं-खाणं कंपनीचं. फक्त पंधराशे रुपये रजिस्ट्रेशन भरा आणि सोमवारी जॉईन व्हा.’

बारावी किंवा आयटीआय करून घरी बसलेल्या पोराला असा फोन आला की घरात आनंदीआनंद होतो. पंधराशे काही फार नाहीत म्हणून लगेच भरले जातात. मग युनिफॉर्मचे तीन हजार, मेडिकलचे साडेचार हजार, नंतर डिपॉझिट. आणि एक दिवस समोरचा फोन बंद. तोवर घरातली शेळी विकलेली असते, नाहीतर पेरणीसाठी ठेवलेले पैसे गेलेले असतात.

सगळेच फोन खोटे नसतात

नोकरीच्या ॲपवर किंवा शासनाच्या ‘महास्वयम’ पोर्टलवर नाव नोंदवलं असेल, आयटीआयमध्ये बायोडाटा दिला असेल, तर कंपनीचा किंवा कंत्राटदाराचा फोन येऊ शकतो. तो साध्या मोबाईल नंबरवरूनही येतो. त्यामुळे नुसत्या नंबरवरून खरं-खोटं ठरत नाही. ट्रूकॉलरवर कंपनीचं नाव दिसलं म्हणूनही भुलू नका, तिथलं नाव कुणीही टाकू शकतं.

फोनवरच विचारायचे प्रश्न

१. माझा नंबर तुम्हाला कुठून मिळाला?
२. कंपनीचं पूर्ण नाव काय, कारखाना कुठल्या एमआयडीसीत आहे?
३. काम नेमकं कोणतं? नोकरी कंपनीची की कंत्राटदाराची?
४. हातात पगार किती? पीएफ, ईएसआय कापतात का?
५. मुलाखत कुठे आणि कधी?

खरा माणूस याची सरळ उत्तरं देतो आणि विचार करायला वेळही देतो. खोटा माणूस घाई करतो. ‘दोनच जागा राहिल्यात’, ‘आज पाचच्या आत भरा’, ‘घरी कुणाला सांगू नका’ अशी भाषा आली की सावध व्हा.

फोन ठेवा आणि स्वतः तपासा

त्याने पाठवलेल्या लिंकवर किंवा नंबरवर खात्री करू नका. कंपनीची वेबसाईट स्वतः शोधा, तिथला नंबर लावा आणि अशी भरती आहे का ते विचारा. ईमेल आला असेल तर ‘ॲट’ चिन्हाच्या पुढे काय लिहिलंय ते बघा. मोठ्या कंपनीचं पत्र साध्या जीमेलवरून सहसा येत नाही. नावात एखादं अक्षर कमी-जास्त आहे का तेही नीट वाचा.

ऑफर लेटरवर शिक्का, सही, लोगो असला म्हणून ते खरं ठरत नाही. असं पत्र मोबाईलवर दहा मिनिटांत तयार होतं.

सगळ्यात सोपी तपासणी गावातच होते. चाकण, रांजणगाव, वाळूज अशा ठिकाणी आपल्याकडची पोरं कामाला असतात. त्यांना फोन करून कंपनीच्या गेटवर चौकशी करायला सांगा. मुलाखत कंपनीत न ठेवता लॉजवर किंवा भाड्याच्या खोलीत ठेवली असेल तर जाऊ नका. मुलींनी तर कंपनीतल्या मुलाखतीलाही घरचं माणूस सोबत न्यावं.

पैसे मागितले की थांबा

चांगली कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. काही कन्सल्टन्सी नोकरी लागल्यावर कमिशन घेतात. तसं असेल तर आकडा आधी लेखी घ्या आणि पगार हातात आल्याशिवाय काही देऊ नका.

सरकारी नोकरीत परीक्षा फी असते, पण ती जाहिरातीत छापलेली असते आणि अधिकृत वेबसाईटवरच भरायची असते. रेल्वे, सैन्य, पोलीस, तलाठी यापैकी कुठलीही भरती फोनवर होत नाही. ‘आतून सेटिंग आहे’ म्हणणारा माणूस फसवतोच आहे असं समजा.

घरबसल्या व्हिडिओ लाईक करा, हॉटेलला रेटिंग द्या, हा प्रकारही तसाच. सुरुवातीला दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. विश्वास बसला की टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात आणि मोठ्या ‘टास्क’साठी हजारो रुपये भरायला लावतात. ॲपमध्ये नफा दिसतो, काढता मात्र येत नाही. अशा पार्टटाईम नोकरीच्या नावाखाली चालणाऱ्या १०० हून जास्त वेबसाईट केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केल्या होत्या.

कागदं आणि बँक खातं जपा

पहिल्याच फोनवर आधार, पॅन, पासबुक, सेल्फी पाठवू नका. ओटीपी कुणालाच सांगू नका. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपलेच पैसे जातात. ‘फॉर्मची फाईल आहे’ म्हणून आलेलं एपीके ॲप किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकू नका.

‘तुमचं खातं वापरायला द्या, महिन्याला दहा हजार देतो’ ही नोकरी नाही. दुसऱ्यांना लुटलेला पैसा त्या खात्यातून फिरतो. मग खातं गोठतं आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

परदेशातली नोकरी असेल तर

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी कामावर पाठवणाऱ्या एजंटकडे केंद्र सरकारचं लायसन्स लागतं. नोंदणी असलेल्या एजंटची यादी ‘ई-मायग्रेट’ वेबसाईटवर आहे. एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. टुरिस्ट किंवा व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ, असं म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

थायलंडमध्ये कॉम्प्युटरचं काम म्हणून नेलेल्या अनेक तरुणांना म्यानमारमध्ये डांबून त्यांच्याकडून ऑनलाईन फसवणुकीचं काम करून घेतलं गेलं. मार्च २०२५ मध्ये ५०० हून जास्त भारतीयांना विमानाने परत आणावं लागलं. शंका असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या १८००-११-३०९० या टोल फ्री नंबरवर विचारा.

पैसे गेलेच तर

लाजू नका आणि उशीर करू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा. पैसे ज्या खात्यात गेले तिथून काढले जाण्याआधी तक्रार पोचली तर ते थांबवता येतात. म्हणून एकेक तास महत्त्वाचा. आपली बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा. बँकेलाही कळवा. चॅट, कॉल लिस्ट, स्क्रीनशॉट काहीच डिलीट करू नका. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. पैसे गेले नसतील, नुसता संशयित फोन आला असेल, तर ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेत तो नंबर कळवा.

पुढे ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा’ असाही फोन येऊ शकतो. तीही फसवणूकच.

घरातल्या पोरापोरींनी असा फोन आल्यावर आई-बापाला मोकळेपणाने सांगावं, आणि आई-बापांनीही न रागावता ऐकून घ्यावं. नोकरी खरी असेल तर एक रात्र थांबल्याने ती जात नाही.