सोळा आण्यांच्या रेघा

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील बार्शीटाकळी हे गाव इतिहासप्रेमी वाचकांस मुख्यतः तेथील कालंका देवीच्या हेमाडपंती मंदिरामुळे आणि त्यातील शके १०९८ च्या शिलालेखामुळे ठाऊक असते; परंतु वऱ्हाडातील अशा कसब्यांच्या पेढ्यांवर व दप्तरांत बोरूच्या टोकाशी जी एक अंकलेखनाची विद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तिचे स्मरण मला शिलालेखांपेक्षा ब्रेडबोर्डावर सेव्हन सेगमेंट डिस्प्ले जोडणाऱ्या हौशी मुलांकडे पाहून अधिक होते.

त्या काळी रुपयाचे आणे सोळा आणि शेराचे छटाक सोळा. जमाखर्चाच्या वहीत पावलीस, म्हणजे चार आण्यांस, एक उभी रेघ. आठ आण्यांस दोन, बारांस तीन. आणि वर उरतील त्या एक, दोन वा तीन आण्यांस तितक्याच आडव्या किंवा तिरक्या रेघा, असा शिरस्ता होता. सात आणे म्हणजे एक उभी व तीन आडव्या. पंधरा आणे म्हणजे तीन उभ्या व तीन आडव्या. शून्यापासून पंधरापर्यंतची सर्व मूल्ये सहा रेघांत मावत! संगणकाच्या चार बिटांचे दोन-दोन असे भाग पाडले, तर वरच्या दोन बिटांतून उभ्या रेघांची आणि खालच्या दोन बिटांतून आडव्या रेघांची संख्या जशीच्या तशी निघते. आणि ज्या कारकुनांनी ही रीत चालवली, त्यांस बिट हा शब्दही ठाऊक नव्हता, याचे मला फार अप्रूप वाटते. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि या रेघा व्यवहारातून हळूहळू लोपल्या. ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार मात्र राहिला, आणि २००९ साली त्या चिन्हांस युनिकोडमध्येही स्थान मिळाले.

ठरावीक रेघांतून अंक घडविण्याचा यंत्रमार्ग अमेरिकेत निराळ्याच निमित्ताने शोधला जात होता. फ्रँक वुड यांच्या १९१० च्या पेटंटात रेघा आठ होत्या, कारण चाराच्या अंकासाठी त्यांनी तिरपी रेघ वेगळी राखली होती. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दृश्य प्रकाशाचा एलईडी सिद्ध केल्यावर पुढे सात रेघांचा स्वस्त डिस्प्ले घरोघरच्या हौशी मेजांवर पोहोचला, आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या किटवर सहा डिस्प्लेंपैकी चारांत पत्ता व दोहोंत मजकूर सोळाच्या पायात वाचणे हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा नित्यपाठ झाला.

पेच उद्भवतो तो नवाच्या पुढे. दहा ते पंधरा या मूल्यांस ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे नेमलेली. परंतु सात रेघांत मोठा बी हुबेहूब आठासारखा आणि मोठा डी शून्यासारखा दिसतो, म्हणून ही दोन अक्षरे लहान लिपीत काढावी लागतात. मग लहान बी सहाशी भिडतो. बाजारात सहज मिळणारा ७४४७ हा आयसी दशमान अंकांपुरताच घडविलेला; तो सहाच्या माथ्यावरची आडवी रेघ पेटवीत नाही, दहा ते चौदांस विचित्र आकृती दाखवितो आणि पंधरांस डिस्प्ले कोराच ठेवतो. फेअरचाइल्ड कंपनीच्या ९३६८ ने सोळाही चिन्हे निःसंदिग्ध दाखविली, पण तो दुर्मीळ झाला.

म्हणून आजचा हौशी कारागीर सोळा नोंदींचा तक्ता स्वतःच मायक्रोकंट्रोलरमध्ये लिहितो: प्रत्येक नोंदीत सात बिट, एकेका रेघेस एकेक, पाच व्होल्टवर प्रत्येक रेघेस ३३० ओहमचा रोधक लावला की सुमारे नऊ मिलिअँपियर प्रवाह वाहतो. जुन्या दस्तांत आकड्यांखाली ‘अक्षरी रुपये’ लिहून रक्कम पक्की केली जाई. येथे ती तजवीज एका बिटाने होते. तक्त्यात बी ची नोंद ‘७सी’ अशी असते आणि सहाची ‘७डी’, कारण सहाच्या माथ्यावरची रेघ तेवढी जास्त पेटवायची असते.