मुंबईचें बिऱ्हाड आणि न्यायाचा तराजू

१८८२ च्या मालमत्ता-हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणें महिनेवारी भाडेकऱ्यास, वेगळा करार नसल्यास, पंधरा दिवसांची नोटीस पुरे होत असे. घर ज्याचें त्याचा शब्द अखेरचा!

पहिल्या महायुद्धांत मुंबईंतील भाडीं भडकलीं, तेव्हां १९१८ सालीं सरकारनें त्यांवर निर्बंध घातले. पण ते तात्पुरते. खरें वळण दिलें १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलांत आला. १ सप्टेंबर १९४० चें भाडें सामान्यतः प्रमाण मानलें गेलें, आणि तें नियमितपणें देणाऱ्यास सबळ कारणावांचून काढतां येईना. मालकास स्वतःसाठीं जागेची खरीखुरी गरज असली, तरी तेवढ्यानें भागत नसे. ताबा देवविल्यानें भाडेकऱ्याचे हाल अधिक, कीं न देवविल्यानें मालकाचे, हें लघुवाद न्यायालयानें तोलावयाचें. एका पारड्यांत वृद्ध घरमालकीण, दुसऱ्यांत लेंकुरवाळें कुटुंब; असलें उदाहरण मीं आयुष्यभर शिकविलेल्या अंकगणितांत कधीं आलें नाहीं. दोघांचेहि हाल टळत असतील, तर जागेचा कांहीं भागच मालकास देण्याची सोय कायद्यांत होती. ती मला फार शहाणपणाची वाटते.

मालकांची तक्रारहि खोटी नव्हती. गोठलेल्या भाड्यांत इमारतीची डागडुजी व्हावी कशी? पागडीस बंदी असूनहि ती बोकाळली. प्रमाण भाड्याचीं कलमें काळाच्या ओघांत अवाजवी झालीं आहेत, असें अखेर १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रांत नवा कायदा लागू झाला. मात्र हालांचा तो तराजू त्यांतहि कायम ठेवण्यांत आला.