विलायतेचे दोन प्रवासी

परदेशची सफर ही आता राजेरजवाड्यांची मिरास राहिलेली नाही. आमच्या इचलकरंजीतील ज्या गृहस्थांनी आयुष्यभर सुताच्या भावाखेरीज दुसऱ्या कशाची फारशी चौकशी केली नाही, तेही आज दहापंधरा जणांच्या तुकडीतून, वाटाड्या बरोबर घेऊन, युरोपची वारी करून येतात. परत आल्यावर त्यांना 'काय पाहिलेत?' असे विचारावे, तर शहरांची नावे कळतात, जेवणाची हकीकत कळते आणि बसमधून किती वेळा उतरलो व किती वेळा चढलो याचा हिशेब कळतो. पैसा खर्च झाला, पाय दुखले, पण प्रवास घडला की नाही याविषयी त्यांनाच शंका असते. अशा वेळी मला आमच्याच भागातील दोन जुन्या प्रवाशांची आठवण होते. दोघेही मोजक्या मंडळींसह गेले, दोघांनीही एकेक पुस्तक मागे ठेवले, आणि दोघांची गत मात्र अगदी निराळी झाली.

पहिले करवीरचे छत्रपती राजाराममहाराज. जन्म १८५० चा, गादीवर आले १८६६ साली, आणि १८७० च्या उन्हाळ्यात त्यांनी विलायतेस प्रयाण केले. राज्यावर असलेल्या हिंदू राजाने समुद्र ओलांडावा ही गोष्ट त्या काळी किती धाडसाची होती, हे आज सांगूनही कळणे कठीण आहे. सोबतीला इनमीन काही माणसे आणि मार्गदर्शक म्हणून कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी. कोठे जायचे, कोणास भेटायचे याची आखणी बहुतांशी दुसऱ्याच्या हाती. आजच्या भाषेत बोलायचे तर ती एक छोटी, पण कडक वेळापत्रकाची सहलच होती. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली आणि लंडनचे मानपान झाले. विशीतल्या त्या तरुणाने मात्र एक गोष्ट आपल्या हाती ठेवली. तो दिवसाचा वृत्तान्त स्वतः लिहून ठेवीत असे.

ही रोजनिशी इंग्रजीत असून ती १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. तिचे संपादक कोण, तर स्वतः कॅप्टन वेस्ट! ज्याने वाट दाखविली त्यानेच वहीही तपासली. वेस्टसाहेबांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही; तरीपण मास्तरकीत आयुष्य गेल्यामुळे असेल, ज्या वहीवर शिक्षकाचा हात फिरला आहे ती वाचताना मी जरा सावध असतो. वाटाड्या जे दाखवितो ते आपण पाहतो, पण पुढे त्याचेच शब्द आपले म्हणून सांगू लागतो, हा खरा धोका. तो टाळण्यास त्याच रात्री लिहिलेल्या चार ओळींखेरीज दुसरा उपाय मला ठाऊक नाही. लिहिताना माणसाला स्वतःचे मत द्यावे लागते, आणि मत देता आले नाही तर आपण काहीच पाहिले नाही हेही तेथल्या तेथे उमगते.

त्या वर्षीच्या जुलैत फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध पेटले होते. परतीच्या वाटेवर महाराज ऑस्ट्रियातून इटलीत उतरले. फ्लॉरेन्स हे शहर तेव्हा इटलीची राजधानी होते. तेथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. ख्रिस्ती नगरीत हिंदू राजाचे दहन कसे व्हावे, हा प्रश्न उभा राहिला. अखेर परवानगी मिळाली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर अग्निसंस्कार झाला. पुढे १८७४ साली तेथे छत्री उभारण्यात आली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे ज्यांनी नंतर कोल्हापूरचा नवा राजवाडा योजिला त्यांचाच, आणि आतील अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. कोल्हापुरातील कॉलेजाला महाराजांचे नाव १८८० साली मिळाले, हे आपणांस ठाऊक असेलच.

दुसरे प्रवासी आमच्या गावचे धनी, श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे. ते १९१३ साली युरोपास गेले. तोवर ते प्रौढ झाले होते आणि जहागिरीचा कारभार त्यांच्या अंगवळणी पडला होता. त्यांच्या उत्तेजनाने १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणलेला होता. त्यांचे पुस्तक १९१४ साली लंडनच्या मॅकमिलन कंपनीने काढले. त्याच्या नावात ना राजवाड्यांचा उल्लेख आहे, ना पुलांचा. ब्रिटिशांचे जीवन आणि स्वभाव यांविषयी मनावर उमटलेले ठसे, असे ते नाव आहे. माझ्या मते प्रवासाची सारी किल्ली त्या दोन शब्दांत आहे. इमारत कोणीही दाखवू शकतो. स्वभाव पाहायचा तर प्रश्न घरूनच घेऊन निघावे लागते. ज्याच्या गावात नुकते माग सुरू झाले आहेत, त्याला यंत्रांच्या देशात विचारण्यासारखे पुष्कळ असणार! रिकाम्या मनाने जाणाऱ्यास मात्र वाटाड्याच्या छत्रीमागे धावण्यावाचून गत्यंतर नसते.

या दोहोंच्या मध्ये शाहू छत्रपतींचा १९०२ सालचा प्रवास येतो. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते गेले, तो बादशहा आजारी पडला आणि २६ जूनचा समारंभ ९ ऑगस्टवर गेला. वेळापत्रक असे कोलमडले की आजचे आपले लोक व्यवस्थापकाशी भांडू लागतात. शाहूमहाराजांना रोमचा प्राचीन आखाडा पाहून खासबागेच्या मैदानाची कल्पना सुचली, असे कोल्हापुरात सांगतात. ते मैदान १९१२ साली तयार झाले आणि त्यात आजही कुस्त्या होतात. एखादी वास्तू पाहताना 'ही आपल्या गावी कोणत्या कामास येईल?' असा विचार करणारे प्रवासी थोडे.

आता माझे स्वतःचे थोडेसे. मुलाच्या आग्रहाने मीही चौदा जणांच्या तुकडीतून इटलीस जाऊन आलो. छापील कार्यक्रमात फ्लॉरेन्सला दीड दिवस होता. त्यात राजाराममहाराजांचे नाव कोठेच नव्हते. निघण्यापूर्वी दोन महिने मी व्यवस्थापकास पत्र लिहून छत्रीसाठी एक तास मागितला होता. लहान तुकडीचा हाच मोठा फायदा. चाळीस जणांच्या बसमध्ये असे काही मागण्याची सोय नसते. मात्र ते मागणे घरून मागावे, रस्त्यावर उभे राहून नव्हे. उत्तर आले की सोबत्यांची संमती असल्यास हरकत नाही. ती मिळविणे सोपे नव्हते. कातड्याच्या बाजारातील एक तास सोडायचा होता, आणि आमच्यातील एक सूतव्यापारी तर माझ्याशी दोन दिवस बोलेनासे झाले. त्यांचा राग मला अन्यायाचा वाटला नाही. पैसा त्यांनीही भरला होता.

आमच्या वाटाड्याला ती जागा ठाऊक नव्हती. बस हाकणाऱ्या इटालियन गृहस्थाला मात्र होती. जवळच्या नदीवर १९७८ पासून एक मोठा पूल आहे, त्याला तेथील लोक 'इंदियानो' म्हणजे हिंदी माणसाचा पूल म्हणतात. ते त्यावरून रोज ये-जा करीत. बागेच्या कडेला आम्हांस उतरवून तेही आमच्याबरोबर चालत आले. संगमावर पोहोचल्यावर त्यांनी वाटाड्यामार्फत विचारले की हा राजा इतक्या दूर कशासाठी आला होता. चौदा माणसे माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, पाहण्यासाठी आणि लिहिण्यासाठी. मग रोजनिशीची हकीकत सांगितली, वय सांगितले. वीस हा आकडा ऐकताच त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

एका तासाचे पाऊण तासातच आम्ही परतलो, कारण पाऊस आला. बसमध्ये ते सूतव्यापारी माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांच्या खिशात खर्चाची वही असे. कॉफीचे किती, पाण्याच्या बाटलीचे किती, हे सारे तीत टिपलेले. त्यांनी ती उघडली, कोऱ्या पानावर तारीख घातली आणि मला विचारले, ''मास्तर, त्या दुसऱ्या नदीचे नाव काय म्हणालात?''