घरच्या मैदानावर हरलेला ब्रिन

ब्रिन टर्फेल. उत्तर वेल्समधल्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १९६५चा, मातृभाषा वेल्श. तिथे गाण्या-कवितांच्या स्पर्धांचे मेळे भरतात, त्यांतच पोरगा गायला शिकला. पुढे लंडनला रीतसर शिक्षण झालं.

१९८९मध्ये कार्डिफला जागतिक गायन स्पर्धा होती. म्हणजे घरचंच मैदान! पण मुख्य बक्षीस नेलं सैबेरियाच्या दिमित्री व्होरोस्तोव्स्कीनं. ब्रिनला मिळालं ते ‘लीडर’चं, आपल्या भाषेत भावगीतांचं.

आता संपलं? छे! १९९०मध्ये वेल्श नॅशनल ऑपेरानं त्याला मोत्झार्टच्या ‘कोसी फान तुत्ते’त उभं केलं, १९९२मध्ये साल्झबर्ग गाजलं. रिअॅलिटी शोमध्ये हरून रडणारी पोरं पाहिली की मला हा ब्रिन आठवतो. सांगा त्यांना त्याची गोष्ट.